रॉइस टिलरीचं मोकळं वर्ष

रॉइस टिलरीला गेली तीस वर्षं म्हातारं व्हायची घाई होती. इतर माणसं पंचेचाळिशी-साठी आली की आरशासमोर उभं राहून उसासे टाकतात. रॉइस स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा करायचा. यात विक्षिप्तपणा काही नव्हता. मध्य फ्लॉरिडाच्या त्या भागात, जिथे संत्र्याच्या बागा गेल्या आणि तळी तेवढी उरली, तिथे स्लालमवाले सगळेच आपापल्या वाढदिवसाला असे खूश असतात. बोटीमागे दोरीची मूठ धरून, पायाला बांधलेल्या एकाच लांब फळीवर, म्हणजे स्कीवर, उभं राहून, पाण्यावर तरंगणाऱ्या सहा बोयांना एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून वळसे घालत जायचं, असा हा खेळ. त्यात स्पर्धेचे गट वयाने ठरतात: पस्तीस, पंचेचाळीस, त्रेपन्न, साठ, पासष्ट. गट ओलांडला की काल खालच्या गटात सगळ्यात म्हातारा असलेला माणूस आज वरच्या गटात सगळ्यात तरुण होतो. शिवाय पासष्टीला बोटीचा वेग ताशी दोन मैलांनी कमी होतो. त्याच सुमाराला सरकारी पेन्शनही सुरू होतं, पण त्याचं एवढं कौतुक कुणाला नसतं.

रॉइसच्या घाईला आणखी एक कारण होतं. त्या कारणाचं नाव हार्लन पेटवे.

हार्लन शेजारच्या तळ्यावर राहायचा. विहिरी खोदून पंप बसवायचा धंदा, उंच हाडकुळा देह, आणि दिवसाला पंचवीस-तीस शब्द, तेही बहुतेक पंपाविषयी. वयाने तो रॉइसपेक्षा एका वर्षाने लहान. दोघं विशीपासून एकाच गटात, आणि राज्य स्पर्धेत हार्लन जिंकायचा. दरवर्षी नाही, असं रॉइस सांगायचा. ते खरं होतं. ज्या वर्षी हार्लन जिंकायचा नाही, त्या वर्षी तिसराच कुणीतरी जिंकायचा.

पण एक वर्षाचा तो फरक फार मोलाचा होता. रॉइस वरच्या गटात गेला की हार्लन एक वर्ष खालीच राहायचा. त्या वर्षाला रॉइस मनात 'मोकळं वर्ष' म्हणायचा. पासष्टीपर्यंत अशी पाच येणार होती, आणि त्यांतली चार गेली होती. पस्तिसाव्या वर्षी स्पर्धेच्या आदल्या शनिवारी तो पपनसाच्या झाडाला टेकवलेल्या शिडीवरून पडला. पंचेचाळिसाव्या वर्षी वादळाने पंचांचा मनोरा उचलून पलीकडच्या तळ्यात नेऊन ठेवला. लोक अजून त्यावर बसून मासे पकडतात. त्रेपन्नाव्या वर्षी कुठूनसा एक दातांचा डॉक्टर आला, जिंकला, आणि पुन्हा जन्मात कुणाला दिसला नाही. साठाव्या वर्षी अख्खं जगच बंद होतं.

आता पासष्ट. पुढचा गट सत्तरीचा. तोवर गुडघे काय म्हणतील याची खात्री नव्हती. हे शेवटचं मोकळं वर्ष होतं, आणि राज्याच्या यादीत एकदा तरी पहिल्या ओळीत नाव यावं, एवढीच रॉइसची इच्छा होती.

त्याने तयारीत कसर ठेवली नाही. परसातल्या ओकच्या झाडाला जुनी मूठ बांधली आणि रोज सकाळी वीस मिनिटं तिला लोंबकळून, अंग ताठ, मूठ कमरेशी, नजर दूर, असा तिरका उभा राहू लागला. टपालवाल्याने पहिले दोन दिवस विचारपूस केली, मग सोडून दिलं. पण रॉइसचा खरा जीव होता तो स्कीच्या तळाशी, शेपटाकडे लावलेल्या धातूच्या पात्यात. हे पातं पुढे-मागे, खाली-वर सरकवता येतं आणि त्यावर वळण अवलंबून असतं, असं सगळे म्हणतात. रॉइसची नोकरी कौंटीच्या पाणीखात्यात मीटर तपासण्यात गेलेली. मोजता येईल अशा गोष्टीवर त्याचा विश्वास लवकर बसायचा. कॅलिपर घेऊन तो पातं इंचाच्या हजाराव्या भागाने सरकवायचा, वहीत लिहायचा, पाण्यात जायचा, पडायचा, आणि पुन्हा सरकवायचा.

"तू पडतोस आणि शिक्षा त्या पात्याला," त्याची बायको ट्वायला म्हणायची.

"मागच्या सेटिंगला डावं वळण अडकत होतं."

"एकोणीसशे शहाण्णवपासून अडकतंय ते."

सरावाला बोट ट्वायलाच चालवायची. ती कुरकुर न करता चालवायची, पण ती बोट बागेतल्या पायवाटेसारखी जरा इकडे, जरा तिकडे जायची. तिच्यामागे रॉइसने वसंतात दोनदा हिरव्या दोरीवर चार बोये घेतले होते. दर यशस्वी फेरीनंतर दोरी एकेक टप्पा आखूड करतात आणि प्रत्येक टप्प्याला रंग असतो: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा. हिरव्यापर्यंत आलं की दोरी बोयाच्या पलीकडे जेमतेम हातभर पोचते. पण दोरी तिरकी असते, म्हणून कमी पडलेलं अंतर माणसाने स्वतःचं अंग लांबवून भरायचं. स्पर्धेत रॉइसने हिरव्यावर दोनच्या पुढे कधी मजल मारली नव्हती.

स्पर्धा जुलैतल्या शनिवारी होती. दुपारी दोनला गडगडाट ठरलेला, म्हणून सगळं सकाळीच उरकायचं. सात वाजता तळं आरशासारखं पडलं होतं. धक्क्याजवळच्या छपरीत यादी लावली होती. रॉइसने आपलं नाव शोधलं, बोट चालवणाऱ्याचं नाव वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं. मग तो ट्वायलाकडे आला. ती झाडाखाली खुर्ची मांडून उकडलेल्या शेंगांची पिशवी सोडत होती.

"माझ्या गटाला बोटीवर हार्लन आहे."

"बरं झालं. चांगली चालवतो तो."

"ट्वायला, हा माणूस तीस वर्षं माझ्या वाटेत आडवा आलाय."

"तो कुठेही आडवा आलेला नाही. तो तुझ्यापेक्षा बरा खेळतो, एवढंच."

"त्याची स्वतःची फेरी नाही का आज? साठीच्या गटात?"

ट्वायलाने शेंग सोलायची थांबवली. "तुला माहीत नाही? मार्चमध्ये त्याच्या मांडीमागचा स्नायू हाडापासून सुटून आला. पाण्यातून उठतानाच. दोन महिने कुबड्या होत्या. त्याच्या बायकोने चर्चमध्ये सांगितलं, अख्ख्या बाकासमोर."

"मी कुठे होतो?"

"माझ्या शेजारी. पात्याचे आकडे लिहीत होतास, प्रार्थनेच्या कागदावर."

रॉइसला आधी बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं. पहिलं वाटणं किती वेळ टिकलं हे त्याने मोजलं नाही. मोजायची सवय असलेल्या माणसाने मोजलं नाही, यावरूनच काय ते समजावं.

त्याच्या गटात सात जण होते. सहा जणांचं उरकलं तेव्हा जॅक्सनव्हिलचा एक निवृत्त वैमानिक पुढे होता: हिरव्या दोरीवर साडेतीन, कारण चौथ्याला वळसा घालून तो लाटेपर्यंत परतू शकला नव्हता. शेवटी रॉइस. हिशोब सरळ होता. हिरव्यावर चार बोये घेतले की राज्याचं पहिलं नाव त्याचं. साडेतीन झाले तर बरोबरी, आणि बरोबरीनंतर त्या ठणठणीत वैमानिकाशी पुन्हा एक लढत.

रॉइस हातमोजे घट्ट करून पाण्यात उतरला. बोट संथपणे समोर आली. बोटीत मागे तोंड करून मिस ओपल बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, चाळीस वर्षं शाळेच्या ग्रंथपाल, आणि बावीस वर्षं या स्पर्धेच्या मुख्य पंच. त्यांनी एकदा एका राज्य विजेत्याला जीवरक्षक जाकिटाचं बक्कल सुटं आहे म्हणून घरी पाठवलं होतं. चाकावर हार्लन होता, टोपी डोळ्यांवर ओढून. त्याने वळून पाहिलं.

"काय रॉइस."

"काय हार्लन. पाय कसा आहे?"

"आहे."

बऱ्याच वर्षांत दोघांमधलं हे सगळ्यात लांब संभाषण होतं.

"तयार?" मिस ओपलनी विचारलं.

"तयार आहे, मॅडम."

बोट निघाली. पहिली फेरी लाल दोरीवर. रॉइस बाहेर सरकला, क्षणभर तरंगला, मग स्की कलवून बोयांच्या फाटकातून आत घुसला. मूठ कमरेशी, खांदे मागे, बोटीमागच्या दोन्ही लाटा ओलांडल्या, कड बदलली, हात पुढे, बोया मागे. सहाच्या सहा. नारिंगीवर सहा. पिवळ्यावर थोडी झटापट, पण सहा.

आणि सबंध वेळ रॉइस वाट बघत होता. हार्लन काहीतरी करणार. जरासा गचका, जरासं दूर जाणं, केसभर. पण बोट फूटपट्टीने रेघ मारावी तशी चालली होती. दोरी हातात अशी यायची की पलीकडचं टोक बोटीला नसून जमिनीत पुरलेल्या खांबाला बांधलंय. ट्वायलाच्या पायवाटेची सवय झालेल्या रॉइसला हे इतकं सोपं वाटलं की जरा गैरसोयच झाली. तीस वर्षांचा संशय, आणि त्याला टेकू म्हणून एक साधा धक्कासुद्धा मिळत नव्हता.

मग हिरवी.

फाटक नीट झालं. एक नंबरचा बोया उजवीकडून छान गेला. डावीकडच्या दोनकडे निघाला आणि लाट ओलांडताना त्याला नेहमीची ती जाणीव झाली, पायाखालचं पाणी जरा हलकं होतंय, दोरी आता ढिली पडणार, बोया लांब राहणार. याच जागी तो आजवर संपत आलेला होता. पण दोरी ढिली पडली नाही. कुणीतरी बंद होत आलेलं दार जरा लोटून धरावं, तसं झालं. तो दोनला वळसा घालून परत आला, तीन घेतला, चार घेतला, पाचसुद्धा घेतला, आणि सहाकडे जाताना हसू आल्यामुळे पडला.

पाच. धक्क्यावर टाळ्या झाल्या. ट्वायला उभी होती ती शेंगांच्या पिशवीवर बसली.

बोट वळून त्याच्याजवळ आली. रॉइस पाण्यात तरंगत होता, तोंडात तळ्याचं पाणी आणि चेहऱ्यावर पाच बोये. हार्लनने इंजीन बंद केलं.

"मिस ओपल," तो म्हणाला, "ही फेरी धरू नका."

"का?"

"दोनपाशी मी त्याच्याकडे सरकलो."

"किती?"

"हातभर असेल."

"मला काही दिसलं नाही."

"तुम्ही मागे बघत होता, मॅडम. मी पुढे."

मिस ओपलनी रेडिओवर मनोऱ्याला विचारलं. काठावरचा कॅमेरा बोटीची सरळ रेघ टिपतो. मनोऱ्यावरून उत्तर आलं की कॅमेऱ्यात नुसता सूर्य आहे, सूर्यात एक ठिपका आहे, आणि तो बोट असावा.

मिस ओपलनी रेडिओ खाली ठेवला. "म्हणजे कुणालाच दिसलेलं नाही, हार्लन."

"मी चालवत होतो. मला दिसलं."

 आता पाण्यातून रॉइसचा आवाज तळ्यावर पसरला. "मला माहीत होतं. सकाळी यादी बघितली तेव्हाच माहीत होतं. तू मला जिंकू देणार नाहीस."

"सरकलो तो तुझ्याकडे, रॉइस. तुझ्यापासून दूर नाही. तेवढा बोया तुला जवळ पडला."

"तेच ते! मुद्दाम केलंस?"

"नाही."

"मग कशाला?"

हार्लनने टोपी मागे सारली. मग जे बोलला ते त्याचा आठवड्याभराचा शब्दांचा साठा संपवणारं होतं.

"तू डावीकडे जाताना दुसरी लाट ओलांडायच्या आधीच डावा हात सोडतोस. पहिल्यापासून. एका हातात दोरी राहत नाही, ती ढिली पडते, आणि तू लांब राहतोस. मी धक्क्यावर उभा राहून त्याचीच वाट बघायचो. हात सुटला की म्हणायचो, चला, झालं याचं. आज बोटीत तोच झटका स्टिअरिंगमधून हाताला लागला. ओढ होती, आणि गेली. मागे बघायला लागलंच नाही. आणि माझे हात तुझ्याकडे वळले." तो थांबला. "मला तू पडायला नको होतास, बहुतेक. मला आधी माहीत नव्हतं."

बोटीखाली पाणी चुळुकचुळुक वाजत होतं. मिस ओपलनी आपल्या पाटीवर काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

"तीस वर्षं तुला माहीत होतं की माझा हात लवकर सुटतो," रॉइस म्हणाला.

"पस्तीस तरी."

"आणि सांगितलं नाहीस."

"विचारलं कुठे होतंस? शिवाय बक्षिसं माझ्या घरी येत होती."

रॉइसच्या डोळ्यांसमोर वह्या आल्या. अकरा वह्या. हजारावे भाग, त्यांच्या पुढे तारखा, तारखांच्या पुढे वाऱ्याची दिशा. इतकी वर्षं त्याने पातं सरकवलं होतं, आणि चूक त्याच्या मनगटाच्या टोकाला लोंबकळत होती. पात्याची माफी मागायची रीत असती तर त्याने तिथेच मागितली असती.

मिस ओपलनी चष्मा नीट केला. "ऐक, रॉइस. चालकाने स्वतः सांगितलंय, म्हणजे ही फेरी रद्द. तुला पाच मिनिटं विश्रांती आणि हिरव्यावर पुन्हा एक फेरी. नियमाप्रमाणे तुला दुसरा चालक मागता येतो. धक्क्यावर ब्रँडी मोकळी आहे. तिची बोट दोऱ्याने आखल्यासारखी जाते."

ते खरंच होतं. ब्रँडी सव्वीस वर्षांची होती, दोन राष्ट्रीय स्पर्धांत बोट चालवलेली, आणि तिचे हात कुणाच्या वळणाने हलतील असे नव्हते. रॉइस कुणाचा कोण हेही तिला माहीत नव्हतं. हार्लनने वाट न बघता टोपी काढली आणि दुखरा पाय आधी बाहेर काढत जागेवरून उठू लागला.

रॉइसने पाण्यात मूठ उलटीसुलटी करून पाहिली. त्याला पंधरा मिनिटांपूर्वी कुणी विचारलं असतं तर त्याने ब्रँडीच काय, तिच्या आजीलाही चालवायला बसवलं असतं. आता तो विचार करत होता, की कॅमेऱ्यात नुसता सूर्य आहे. मिस ओपलना दिसलं नाही. त्याला स्वतःला कळलं नाही. सगळ्या तळ्यावर एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्या माणसाने चालकाच्या परवान्यावर डाग घेऊन ते सांगितलं. वर ते सांगितलं अशासाठी, की रॉइसचं नाव पहिल्या ओळीत लागलं तर ते खरं असावं. एवढी सरळ बोट दुसऱ्या कुणाकडे मिळणार होती?

"बस खाली, हार्लन," तो म्हणाला.

"नीट विचार कर," मिस ओपल म्हणाल्या.

"केला, मॅडम. हाच चालवेल."

हार्लन अर्धा उभा, अर्धा बसलेला तसाच राहिला. "या वेळी मी हलणार नाही बरं का. तू पडलास तरी."

"हललास तर मी सांगेन त्यांना."

"तुला कळणार नाही."

"मग तू सांग."

हार्लन बसला. मिस ओपलनी घड्याळ लावलं. पासष्ट वर्षांच्या दंडांत आणि मांड्यांत पाच मिनिटांची विश्रांती म्हणजे उकळत्या भांड्याखालचा गॅस बारीक करण्यासारखं असतं. आच कमी होते, भांडं तापलेलंच राहतं. रॉइसने बोटं उघडझाप केली. पात्याचा विचार त्याच्या मनात आला नाही. असं कधी होत नसे, आणि ते त्याच्या लक्षात आलंच.

"तयार?"

"तयार."

बोट उठली. फाटक. एक नंबर जरा उशिरा, पण झाला. आता डावीकडे. पहिली लाट आली. डावा हात सुटायला लागला. त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं, तो तीस-पस्तीस वर्षं या ठिकाणी आपला आपण सुटत आला होता, जेवणानंतर पट्टा सैल करावा तसा. रॉइसने त्याला धरून ठेवलं. दुसरी लाट आली. हात म्हणाला, आता. रॉइस म्हणाला, नाही. लाट पायाखालून गेली, आणि तरीही त्याने दोन्ही हात मुठीवरच ठेवले, कमरेशी, अगदी नको इतका वेळ. मग सोडला.

दोरी ताणलेली होती. बोट तसूभरही हललेली नव्हती, आणि दोरी ताणलेली होती. बोया आला आणि मागे गेला.

तीन उजवीकडे, तो नेहमीच बरा असायचा. चारकडे जाताना हाताने पुन्हा तोच आग्रह धरला आणि त्याला पुन्हा तेच उत्तर मिळालं. चारला वळताना दोरी इतकी घट्ट होती की त्याचा खांदा कुरकुरला. तो आत आला, मध्यरेषा ओलांडली, आणि पाचकडे निघताना मांड्यांनी राजीनामा दिला. स्की बाजूला घसरली, तो पाठीवर आपटला, आणि जुलैचं कोमट पाणी कानात गेलं.

वर आला तेव्हा मिस ओपल चार बोटं दाखवत होत्या. त्या हसत नव्हत्या, पण चार बोटं गरजेपेक्षा जास्त वेळ वर होती.

रॉइस तसाच उताणा तरंगत राहिला. पहिल्या ओळीत नाव. अर्ध्या बोयाने. त्याला वाटलं होतं की हे झालं की आपण ओरडू. त्याऐवजी त्याला नुसतं कुणाचे तरी आभार मानावेसे वाटत होते, आणि ती यादी लांबत चालली होती: ट्वायला आणि तिची पायवाट, ओकचं झाड, वैमानिक ज्याने साडेतीनवर समाधान मानलं, कॅमेऱ्यात शिरलेला सूर्य. बोट जवळ आली तेव्हा तो म्हणाला, "हार्लन, आभारी आहे. मनापासून."

"ओढण्याबद्दल?"

"सगळ्याबद्दल."

"ठीक आहे," हार्लन म्हणाला. मग पुस्ती जोडली, "पाचला डोकं खाली घातलंस."

"ते आणखी पस्तीस वर्षांनी सांगायचं होतंस."

मिस ओपल पाटीवर लिहिता लिहिता म्हणाल्या, "बोटीत बोलणं कमी करा दोघांनी. मला सवय नाही."

बक्षीस म्हणजे ताटलीएवढी लाकडी ढाल. वैमानिकाने हात मिळवला आणि पुढच्या वर्षी भेटू म्हणाला, तो धमकीचा सूर रॉइसला आवडला. एकच्या सुमाराला पश्चिमेला ढग काळे झाले आणि लोक बोटी ट्रेलरवर चढवू लागले. हार्लन झाडाखाली ट्वायलाच्या खुर्चीवर पाय लांब करून बसला होता, कारण ट्वायलाने त्याला तसं बसवलं होतं. रॉइस येऊन उलट्या बादलीवर बसला. त्याने ढाल गवतात ठेवली, मग पालथी केली, मग सरळ केली.

"डॉक्टर काय म्हणतो?"

"स्की विकून टाक म्हणाला."

"मग?"

"डॉक्टर बदलला."

"नवा काय म्हणतो?"

"नवा म्हणतो, नोव्हेंबरपासून लांब दोरीवर बघा. बघा म्हणजे नुसतं उठायचं आणि सरळ जायचं. पण बायको बोटीत बसायला तयार नाही. ती म्हणते, एकदा तुला पाण्यातून काढलं, बास झालं." त्याने एक शेंग घेतली. "बहुतेक संपलं, रॉइस. तुझी वर्षं आता सगळी मोकळीच."

रॉइसने हा शब्द आजवर ट्वायलाशिवाय कुणाजवळ उच्चारला नव्हता. त्याने ट्वायलाकडे पाहिलं. ट्वायला आभाळाकडे बघू लागली.

म्हणजे पुढल्या जुलैत पासष्टीच्या गटात तो असेल, वैमानिक असेल, आणि धक्क्यावर त्याचा डावा हात कधी सुटतोय याची वाट बघणारं कुणीही नसेल. इतकी वर्षं त्याने हेच मागितलं होतं. ते सगळं एकदम देऊ केल्यावर त्याला ते नको झालं.

"पासष्टी कधी भरते तुझी?" त्याने विचारलं.

"नऊ फेब्रुवारी."

"मग नोव्हेंबरला सुरू करायला हवं. त्याहून उशीर नको. मंगळवार आणि गुरुवार, सकाळी साडेसहाला माझ्या धक्क्यावर ये. पाणी शांत असतं, मगर असते ती पलीकडच्या काठाला असते आणि ती आता म्हातारी झाली आहे. बोट मी चालवीन."

"रॉइस," ट्वायला म्हणाली, "तीस वर्षं तू देवाला हा माणूस वाटेतून जावा म्हणून साकडं घातलंस. आता उलटं मागतोयस. देवाने कुठला अर्ज धरायचा?"

"नंतरचा."

हार्लनने शेंगेचं टरफल खिशात घातलं. गवतावर टाकायची त्याला सवय नव्हती. "तू सरळ चालवतोस?" त्याने विचारलं.

"नाही," रॉइस म्हणाला. "पण चुकलो तर सांगेन."

हार्लनने आणखी एक शेंग सोलली. लांब कुठेतरी पहिला गडगडाट झाला आणि मनोऱ्यावरून भोंगा वाजला, सगळ्यांनी पाण्याबाहेर या म्हणून. पाण्यात कुणीच नव्हतं.

"सहाला येतो," हार्लन म्हणाला. "मला तयार व्हायला वेळ लागतो आता."